न्हाणीतलं सामान

गेल्या महिन्यात सूनबाईचा पुण्याहून फोन आला. तिला आता आठवा लागलाय. पहिलं बाळंतपण, म्हणजे रीतीप्रमाणे माहेरी. "आई, बाळाच्या अंघोळीच्या सामानाची यादी तुमच्या मोबाइलवर पाठवलीय. दुकानात जायच्या आधी एकदा बघून घ्या. काही राहिलं असेल तर सांगा."

चष्मा लावून यादी वाचली. प्लास्टिकचा टब, टबात बाळाला टेकवायची जाळी, पाण्याचा तापमापक, साबण, शाम्पू, मालिशचं तेल, अंगाला लावायचं लोशन, पावडर, टोपीवाला टॉवेल, केसांचा ब्रश, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, काजळाची डबी, रबरी बदक. असं करत करत एकोणीस जिनसा. मी म्हटलं, "चार दिवस दे मला. विचार करून सांगते."

ती हसली. यादीवर कसला आलाय विचार? पण माझ्या डोळ्यांपुढं आमच्या माणदेशातल्या घरामागची न्हाणी उभी राहिली होती, आणि तिथल्या दगडावर पाय लांब करून बसलेली आजी. त्या न्हाणीतलं सामान मला एकेक करून आठवत होतं. त्यातलं कुठलं लेकरू जगवणारं होतं आणि कुठलं लेकरू घालवणारं, हे कळायला आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या. म्हणून चार दिवस मागून घेतले.

पहिली गोष्ट म्हणजे, आमच्याकडं बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काहीही विकत घेत नसत. सुताचा तोडासुद्धा नाही. माझ्या आईला माझ्या वेळी कोणीतरी बाजारातून टोपडं आणून दिलं होतं, ते आजीनं कणगीमागं दडवून ठेवलं. "आदी जल्माला येऊ दे, मग घाल काय घालायचं त्ये. सटवाईला दावून ठिवायचं न्हाई." लहानपणी मला ही खुळी समजूत वाटायची. पुढं कळलं, की ज्या घरात नव्या टोपड्याचा धनी आठ दिवसांत नेऊन पुरावा लागलाय, त्या घरातली बाई दुसऱ्यांदा टोपडं आधी शिवत नाही.

तर आजीच्या न्हाणीत विकतचं फारसं काही नव्हतंच. न्हाणी म्हणजे घराच्या मागच्या भिंतीला लागून तुराट्यांचा आडोसा, खाली काळा सपाट दगड, आणि पाणी वाहून जायला केळीच्या खुंटापर्यंत काढलेली सारण. तांब्याचं एक घंगाळ होतं, दोन कड्यांचं. आजोबांनी ते म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत घेतलेलं. चुलीवरचं काळं बुडाचं पातेलं, पितळी तांब्या, एक बुटका पाट. एका गाडग्यात वस्त्रगाळ केलेलं हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पुडीत हळद, वाटीत सायीचा गोळा. बाळंतिणीच्या अंगाला घरच्या करडईचं तेल. खोबरेल विकतचं, म्हणून ते बाळाच्या टाळूपुरतं. वेखंडाचं एक कांड आणि ते उगाळायची सहाण. शेकायला मातीची शेगडी, धुरीला ओवा, बाळंतशोपा आणि लसणीची सालं. आणि पुसायला, गुंडाळायला जुन्या लुगड्याची आणि आजोबांच्या धोतराची फडकी. चुलीवर उकळून, उन्हात वाळवून, आजी ती वेगळ्या गाठोड्यात बांधून ठेवी. नवं कापड बाळाला बोचतं म्हणून जुनं हवं, असं ती म्हणायची. दहा-दहा वर्षं अंगावर वापरून मऊ झालेलं ते सूत. त्याच्या तोडीचा टॉवेल मी अजून कुठल्या दुकानात बघितला नाही.

साबण होता, पण तो पुरुषमाणसांचा. लाइफबॉय हिंदुस्थानात १८९५ साली आला म्हणतात. आमच्या वाडीत तो यायला पुढं कितीतरी वर्षं गेली, आणि आल्यावरही आजोबा, चुलते शेतातून आले की लावायचे. लेकराच्या अंगाला साबण लावायचं आजीच्या मनातही येत नसे.

दिवस वर आला, ऊन न्हाणीत उतरलं, की आजी दगडावर पाट टाकून बसायची. लुगडं गुडघ्यापर्यंत वर, पाय लांब केलेले. दोन्ही नडग्यांच्या मधली जी खोबण होते, ती बाळाची खाट. डोकं घोट्यांकडं, पाय तिच्या पोटाकडं. घंगाळातल्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवायचं. हाताला गरम लागत नाही ते कोपराला लागतं. मग पोटावर, हातापायांवर पीठ आणि साय, तेही पापुद्रा लावल्यासारखं हलक्या हातानं. मग लेकरू पालथं, पाठीवर पाण्याची धार. डोळ्यांवर पाणी येऊ नये म्हणून कपाळावर आडवा तळवा. सगळं उरकायला चहाला आधण येईल एवढाच वेळ. शेवटचा तांब्या बाळावरून ओवाळून ती बाजूला ओतायची आणि फडक्यात गुंडाळून लेकरू माझ्या हातात द्यायची. "धर गं, मान सांबाळ." मी सात-आठ वर्षांची असेन तेव्हापासून हे माझं काम. घरात चुलत भावंडं धरून दरसाल एखादा पाळणा हलायचाच. सगळ्या वाडीत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला आजीलाच बोलावत. सव्वा महिना रोज जायची. शेवटी खण-नारळ आणि पायली-दोन पायली ज्वारी मिळायची.

एवढं सांगून थांबले असते तर हा लेख गोड झाला असता. पण त्या न्हाणीतल्या दोन वस्तू मी अजून सांगितल्या नाहीत. एक विळा, आणि दुसरी चुलीतली राख.

नाळ कापायला विळा. तोच, ज्यानं वैरण कापायची. आणि कापलेल्या जागी राख नाहीतर शेणाची गोवरी उगाळून. जखम सुकते म्हणून. माझ्या वडिलांच्या पाठीवर आजीला दोन मुलगे झाले होते. पहिला सातव्या दिवशी गेला, दुसरा आठव्या. दोघांचंही सारखंच झालं. चांगलं अंगावर पिणारं पोर अचानक ओढायचं थांबलं, तोंड उघडेना, मग नुसत्या हात लावण्यानंसुद्धा अंग धनुष्यासारखं ताठ होऊ लागलं. आजीनं हे मला एकदाच सांगितलं, जात्यावर बसली असताना, माझ्याकडं न बघता. "पाचवी पुजली हुती गं. दिवा इजू दिला न्हवता. तरी सटवीनं न्येलं."

त्याला धनुर्वात म्हणतात. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात. नाळेच्या ओल्या जखमेतून आत जातात आणि आठवडाभरात उठतात. जगात बऱ्याच ठिकाणी त्याला आठव्या दिवसाचा आजार असंच नाव होतं. आमच्याकडं पाचवी-सहावीला सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते, ही समजूत का इतकी घट्ट, याचं मला वाटतं हेच कारण. ती रात्र खरंच धोक्याची होती. आजीनं दिवा लावला, पूजा केली, जागली. आणि ज्या विळ्यानं घात केला तो धुऊन पुन्हा आढ्याला खोचून ठेवला. तिचा त्यात काय दोष? तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

सांगणारी बाई आली ती दुष्काळात.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. माणदेश तसा कायमच अवर्षणाचा, पण त्या साली पाऊस सरळ पाठ फिरवून गेला. विहिरीत पाय धरायला खडक उघडा पडला. जनावरं मिळेल त्या भावानं गेली. माणसं खडी फोडायला, नालाबांधाला, तलावाच्या कामाला लागली. सुकडी खाल्ली, परदेशातून आलेला तांबडा मिलो खाल्ला. माझी आई पोटुशी होती, चौथ्या वेळेला. तरी आठवा लागेपर्यंत ती खडीवर जात होती. मी चौदा वर्षांची. शाळा सुटली होती, कारण पाण्याच्या पाळीला घरचं कोणीतरी लागायचंच. टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतायचा आणि अख्खी वाडी त्यावर तुटून पडायची. माणशी दोन घागरी मिळाल्या तर तो दिवस चांगला.

१९७३ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, रात्री आईच्या पोटात दुखायला लागलं. दिवस पुरे भरले नव्हते. योगायोगानं दुष्काळी कामावर औषधं वाटायला आलेली नर्सबाई त्या रात्री वाडीतच मुक्कामाला होती. चुलते कंदील घेऊन तिला घेऊन आले. आजीनं सवयीनं आढ्याचा विळा काढला. नर्सबाईनं तो तिच्या हातातून घेतला आणि बाजूला ठेवला. म्हणाली, "आजी, घरात दाढीचं नवं पातं आहे का?" आजोबांच्या पेटीत कागदात गुंडाळलेलं एक होतं. ते आणि दोऱ्याचा तुकडा तिनं पातेल्यात उकळायला टाकला. पिण्याच्या पाण्यातलंच तांब्याभर पाणी त्याला गेलं. आजी माझ्या कानाशी पुटपुटली, "पात्यासाटी पानी जाळतीया बया."

भाऊ झाला. केवढा, तर माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढा. अंगावर पांढरा चिकट थर, रडणं मांजरीच्या पिलासारखं. आता आजीची पाळी. तिनं घंगाळ ओढलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की घंगाळात घालायला काही नाही. दोन्ही घागरी संपल्या होत्या. टँकर उद्या, आला तर.

मी आजीला रडताना दोनदा बघितलं. आजोबा गेले तेव्हा, आणि त्या रात्री. "लेकराच्या पयल्या न्हान्याला पानी न्हाई माज्या घरात. असं वंगाळ ठिवायचं का त्येला?" नर्सबाई म्हणाली, "आजी, नका घालू. पुसून घ्या, गुंडाळा आणि आईच्या छातीशी द्या. न्हाणं पळून जात नाही." आजीला ते पटलं नाही. पण पाणीच नव्हतं, त्यामुळं पटायचा प्रश्न उरला नाही. तिनं गाठोड्यातली फडकी काढली, लेकरू कोरडं केलं, डोक्याला कुंची बांधली आणि आईच्या लुगड्याच्या आत, उघड्या छातीवर, लेकरू ठेवलं. वरून घोंगडं. नाळेला राख नाही, काही नाही. नर्सबाईनं बजावलं होतं, "याला हात लावायचा नाही, हे आपोआप सुकतं."

भाऊला पहिली अंघोळ चौथ्या दिवशी मिळाली. तीही परातीत बसून, एका तांब्यात. परातीत जमलेल्या पाण्यात लंगोट धुतले, आणि ते पाणी केळीच्या खुंटाला. आठवा दिवस आला तेव्हा आजी सकाळपासून उंबऱ्यात बसून होती. दर थोड्या वेळानं आत येऊन विचारायची, "वडतंय न्हवं? वडतंय?" ओढत होतं. नववा गेला, दहावा गेला. बाराव्या दिवशी तिनं आढ्याचा विळा काढून गोठ्यात नेऊन ठेवला. त्यानंतर वाडीत कोणाकडं बाळंतपणाला बोलावलं की आजीच्या कमरेच्या चंचीत कागदात गुंडाळलेलं एक कोरं पातं असायचं. सुपारी एका कप्प्यात, पातं दुसऱ्यात. ती १९८६ साली गेली. तिच्या हातून झालेल्या त्या चौदा वर्षांतल्या बाळंतपणांत आठव्याला लेकरू गेल्याचं मला तरी आठवत नाही.

पण त्या थंडीत, कमी दिवसांचं ते पोर बिनान्हाणाचं जगलं कसं, हे कोडं मला पुष्कळ वर्षं होतं. आजी म्हणायची सिद्धनाथानं तारलं. उत्तर मला मिळालं ते गडचिरोलीच्या बातमीत. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणत. बाळ कोरडं करायचं, गरम ठेवायचं, लगेच अंगावर पाजायचं, वजन करायचं, जंतुदोषाची लक्षणं ओळखायची, गरज पडली तर उपचार करायचे. मोठं इस्पितळ नाही, गावातल्या गावात. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या साप्ताहिकात छापून आलं आणि जगभर गाजलं. पुढं २०११ पासून आशा ताईंनी घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायचं, हे देशभर सुरू झालं, त्याचं मूळ तिथलं.

ती माहिती वाचताना मी मध्येच थांबले. बाळाला सगळ्यात मोठी भीती थंडीची. पोटातल्या उबेतून बाहेर आलेलं ओलं लेकरू पाण्यात घातलं की अंगातली ऊब झरझर जाते. कमी वजनाचं असेल तर ती परत येणं कठीण. जागतिक आरोग्य संघटनाही आता सांगते, की पहिली अंघोळ निदान चोवीस तास लांबवा. अंगावरचा तो पांढरा थर म्हणजे घाण नव्हे, ते लेकराच्या कातडीचं संरक्षण असतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आजी रडली, त्याच गोष्टीनं भाऊला वाचवलं होतं. घरात दोन घागरी पाणी असतं, तर आजीनं नर्सबाईचं ऐकलं नसतं. मायेनं, अगदी मायेनं, तिनं त्या जानेवारीच्या रात्री त्याला न्हाऊ घातलं असतं.

म्हणून मी आता मायेवरसुद्धा डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. ज्ञान अंगाशी आलं तेव्हाच मी शिकले, त्यात माझीही चूक आहेच. १९८० साली माझी पहिली मुलगी झाली. तोवर काळ बदलला होता. पोटुशी असताना मला दंडावर धनुर्वाताची इंजेक्शनं मिळाली, बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. पण घरी आल्यावर मी आजीची धुरी सोडली नाही. खोलीची दारं लावून शेगडीवर ओवा, सालं टाकायची आणि लेकरू धुरावर धरायचं. वर मुंबईच्या नणंदेनं आणलेली पावडरीची पेटी. तो त्या काळचा मोठा मान. पाळणा बघायला येणाऱ्या बायका आधी पेटी बघायच्या. रोज अंघोळीनंतर मी पोरीला पिठात घोळल्यासारखी पांढरी करायची. दीड महिन्याची असताना तिला धाप लागली. छाती आत ओढू लागली. एसटीनं तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूर करता? पावडर किती लावता?" आणि मी तिथं बाकावर बसून रडले. पाच दिवस इंजेक्शनं झाली, पोर वाचली. त्या दिवसापासून आमच्या घरातून धुरी बंद, पावडर बंद. आजी तेव्हा होती. मला वाटलं होतं ती चिडेल. ती एवढंच म्हणाली, "इळा सोडला, तशी धुरीबी सोडू."

२०१५ साली, आई आणि बाळ यांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. पेपरात आतल्या पानावर बातमी होती. मी ती कापून आजीच्या फोटोच्या मागं चिकटवली आहे. आता तर सरकारी दवाखान्यात पहिल्या बाळंतपणाला शासन 'बेबी केअर किट' देतं. कपडे, टॉवेल, तेल, शाम्पू, मच्छरदाणी, तापमापक, असं बरंच. आमच्या वाडीतल्या पोरी ती पिशवी मिरवत आणतात. मला बरं वाटतं. आधी घेऊ नये, ही भीती त्या पिशवीनं मोडली.

चार दिवस झाल्यावर मी सूनबाईला फोन केला. कागदावर लिहूनच बसले होते.

"हे बघ, यादीतलं टब ठेव. नडगीवर न्हाऊ घालायला माझ्यासारखी जुनी हाडं लागतात, आणि तुझ्या आईचे गुडघे दुखतात. पण लेकरू टबात असताना एक हात कायम त्याच्या मानेखाली, दारावरची बेल वाजली तरी. तापमापक घे नाहीतर नको घेऊ, कोपर आहेच. एक साधा, वासाचा नसलेला साबण घे, तोही रोज लावू नकोस. खोबरेल घरात असतंच. पावडर काढून टाक. कानातल्या काड्या काढ, कानात काही घालायचं नाही. काजळाची डबी काढ. डोळ्यांत घालायचं नाही, आणि तीट लावायची कोणाला हौस असेल तर तळपायाला लावू दे. बदक ठेव."

ती लिहून घेत होती. म्हणाली, "आणि बेसनपीठ? माझी आई म्हणते चोळलंच पाहिजे, लव जाते."

"लव आपोआप जाते. पहिले काही महिने नको. कोवळी कातडी असते, पीठ घासून लाल होते. मोठी झाल्यावर तिला हवं तर ती लावील. आणि दवाखान्यात नर्स म्हणाली आज अंघोळ नाही, तर कोणी कितीही म्हणू दे, नाही म्हणजे नाही. नाळ पडेपर्यंत तिला तेल नाही, हळद नाही, काही नाही. नुसती कोरडी."

"बरं. अजून काही घेऊ?"

"तू नको घेऊस. मी आणते." माझी दोन जुनी सुती लुगडी आणि एक वाइल साडी मी काढून ठेवली होती. फाडून चौकोनी फडकी केलीत, उकळून घेतलीत, गच्चीवर उन्हात वाळतायत. घंगाळ माळ्यावर होतं, तेही काढून चिंचेनं घासलं. त्यात पाणी तापवणार नाही. बाळाची वाळलेली दुपटी ठेवायला होईल.

भाऊला हे सगळं फोनवर सांगितलं. तो आता पन्नाशी ओलांडून गेलाय, साखर कारखान्यात नोकरीला आहे, अंगानं चांगला भरलाय. म्हणाला, "आक्का, म्हणजे मी दुष्काळामुळं जगलो म्हणतेस?"

मी म्हटलं, "दुष्काळामुळं न्हाई रं. नर्सबाईमुळं, आणि आजीनं विळा खाली ठिवला म्हणून."